आधी कुलगुरूंनी खाजवावं

संगीता राठोडला कापसाची खाज लांबून ओळखू यायची. खरूज वेगळी, घामोळं वेगळं, मच्छराचा चावा वेगळा. कापसाची खाज मनगटापासून निघते, कोपरावर जरा विसावा घेते आणि मानेवर जाऊन मुक्काम ठोकते. माणूस चारचौघांत असला, तर कॉलरमध्ये बोट घालून काहीतरी गहन विचार चालल्यासारखा चेहरा करतो. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात असे गहन विचार करणारे चेहरे फार वाढले होते.

कारण साधं होतं. आदल्या वर्षी कापसाला असा भाव आला होता, की ज्यांनी घाईनं विकला ते वर्षभर कपाळ बडवत बसले. म्हणून यंदा कोणीच घाई केली नाही. भाव पडला तेव्हा लोक हसले. आणखी पडला तेव्हा म्हणाले, "चढते ना बापा, थांब थोडा." कापूस घरात आला. आधी मागच्या खोलीत, मग मधल्या खोलीत, मग देवाजवळ, मग खाटेखाली. संगीताच्या घरी, तांड्यावर, दिवाळीपासून कापूस मधोमध ऐसपैस पसरला होता आणि घरची माणसं कडेकडेनं पाहुण्यासारखी राहत होती. जुन्या कापसात किडे होतात असं कोणी म्हणे, कोणी म्हणे धूळ. डॉक्टर दोघांनाही तेच मलम देत.

संगीता लोहाऱ्याजवळच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तांडा पांढरकवडा रोडवर, एका फाट्यापासून बराच आत. संध्याकाळची बस तिला फाट्यावर सोडायची तेव्हा उजेड संपत आलेला असायचा आणि पुढे तुरीच्या वावरांमधून पायवाट. त्या वाटेवर वाघाचं भय वनखात्यानं घालून दिलं होतं आणि ट्रकवाल्यांचं बापानं. बाप, शंकरसिंग, रोज फाट्यावर येऊन उभा राहायचा. बस कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही, पण तो उभा असायचा. एक दिवस घरी जाता जाता त्यानं सांगून टाकलं. ओरडला नाही, थांबलाही नाही, पुढे चालता चालताच बोलला.

"छोरी, पुढच्या सालाले होस्टेल भेटलं त जाय. नाई त घरी राय. मी वावरात काम करू का रोज इथी खांबावानी उभा राहू?"

"होस्टेल हाये ना बा. बांधून तयार हाये."

"तयार हाये त तुम्ही आत काहून नाई जात?"

हा प्रश्न कॉलेजात कोणीच इतक्या थेट विचारला नव्हता.

होस्टेल खरोखर तयार होतं. दुमजली, गुलाबी रंगाचं, खोल्यांत लोखंडी खाटा, खाली मोठा हॉल. फक्त त्याचं उद्घाटन झालं नव्हतं, आणि उद्घाटनाविना इमारत वापरणं म्हणजे बाशिंगाविना नवरदेव बोहल्यावर चढवणं. आधी एका मंत्र्याचं नाव कोनशिलेवर कोरून घेतलं, तर सरकार गेलं. दुसरी कोनशिला आणली, तर तो मंत्री या बाजूचा त्या बाजूला गेला. तिसऱ्या वेळी संस्था शहाणी झाली. तिनं नावाची जागा कोरी ठेवून 'यांच्या शुभहस्ते' एवढंच कोरून घेतलं आणि वर लाल मखमल टाकली. मखमलीचा रंग उडून ती गाजरासारखी दिसायला लागली, तरी हस्त काही ठरले नव्हते.

होस्टेलला लागूनच कॉम्प्युटर लॅब होती. तिच्या खरेदीत कधीकाळी घोळ झाला म्हणून चौकशी लागली आणि दाराला लाखेचं सील लागलं. चौकशी अजून चालू होती. सीलही होतं. खिडकीच्या गजांतून एक पिंपळ बाहेर आला होता. त्या लॅबमधून काही शिकून बाहेर पडलेला तो एकटाच.

अशात विद्यापीठाचं परिपत्रक आलं. यापुढे विद्यार्थी हे कुलगुरू, कुलसचिव, प्राचार्य आणि अन्य अधिकारी यांच्यासाठी नवोन्मेष कार्यशाळा घेतील. प्राचार्य पंजाबराव गावंडे यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. वाक्य उलटं छापलं गेलं असेल अशी त्यांना आशा होती. विद्यापीठात फोन केला, तर तिकडून कळलं की वाक्य सुलटच आहे आणि पहिली कार्यशाळा त्यांच्याच कॉलेजात आहे, कारण बाकीच्या कॉलेजांनी फोन उचललेले नाहीत.

हे काम त्यांनी मैत्रेयी मुनेश्वरवर सोपवलं. मैत्रेयी संगीताच्या वर्गातली. प्रश्न विचारायची तिला जन्मजात सवय, म्हणून प्राचार्य तिला शक्य तिथे कामात गुंतवून ठेवत. तिनं संगीताला घेतलं, आणखी चार पोट्टे घेतले, आणि दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण करून सगळे नवोन्मेषाचे जाणकार झाले. पायऱ्या पाच होत्या. समजून घ्या, प्रश्न ठरवा, कल्पना काढा, नमुना करा, वापरून पाहा.

"विषय कोणता घ्यायचा सर?" मैत्रेयीनं विचारलं.

"कोणताही घ्या," प्राचार्य म्हणाले. "फक्त त्यातून कोणाला काही करावं लागेल असा नको."

विषयाचा विचार करत दोघी दुपारी होस्टेलच्या पायऱ्यांपाशी गेल्या. तिथे सावली असायची आणि फकिरा असायचा. फकिरा होस्टेलचा चौकीदार. न उघडलेल्या इमारतीवर पहारा देता देता त्याला कॉलेजातल्या कोणाहीपेक्षा जास्त विश्रांती मिळाली होती. पण त्या दिवशी तो स्वस्थ नव्हता. मनगट खाजवत होता. मग कोपर. मग त्यानं कॉलरमध्ये बोट घातलं आणि आभाळाकडे पाहिलं.

संगीता थांबली.

"फकिराकाका, औंदा कापूस कुठी ठेवला तुम्ही?"

"मी?" फकिरा हसला. "माया बापजाद्याइनं वावर पाह्यलं नाई कधी. मायाजवळ कापूस कुठून येईन वं बाई?"

"मंग ही खाज कुठून आली?"

फकिराचं बोट कॉलरमध्येच राहिलं. त्यानं संगीताकडे पाहिलं, मग मागच्या कुलुपाकडे पाहिलं, आणि आपण कुलुपाकडे पाहिलं हे लक्षात येऊन घाईनं पिंपळाकडे पाहिलं.

"मी काई बोललो नाई," तो म्हणाला. "साहेबाच्या घरी नवीन टाइल बसवल्या. हंसाबाईनं सांगतलं, या घरात कापूस राहीन नाई त मी राहीन. एवढंच मले मालूम हाये. तेही मले मालूम नाई."

हंसाबाई म्हणजे प्राचार्यांच्या पत्नी. प्राचार्यांची शेती नेरकडे होती, आणि शेतीत ते इतर कोणाही शेतकऱ्यासारखेच आशावादी होते. भाव चढेल म्हणून थांबले होते.

मैत्रेयी पायरीवरून उठून उभी राहिली. "म्हणजे मंत्र्याचा काई संबंधच नाई! तू तिकडे घरी कापसाशेजारी झोपून राह्यली, अन् इथी तुया खाटेवर सराचा कापूस झोपून राह्यला!"

"हळू बोल वं."

"काहून हळू बोलू? कुलगुरूलेच दाखवू. कार्यशाळा इथीच घेऊ, याच हॉलात. उन्हाळा हाये, पंखे लागतीनच. खाज काई प्रोटोकॉल पाहत नाई."

या शेवटच्या वाक्यात मैत्रेयी चुकली होती, पण ते पुढे कळलं.

कुलगुरू बाहेरचे होते, मुंबईकडचे. प्लॅस्टिक या विषयातले मोठे तज्ज्ञ. जुन्या सभागृहांत नवे विचार गुदमरतात असं ते प्रत्येक जुन्या सभागृहात सांगत. मैत्रेयीनं त्यांच्या कार्यालयाला कळवलं की, कार्यशाळा एका अशा कोऱ्या वास्तूत घेण्याचा विचार आहे जिथे आजवर कोणीही कसलाही विचार केलेला नाही. तासाभरात होकार आला.

प्राचार्यांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"होस्टेलचा हॉल? तिथं धूळ आहे."

"आम्ही झाडतो सर."

"साप आहेत."

"आमच्या वर्गात सर्पमित्र आहे सर."

"अगं, पण उद्घाटन झालेलं नाही!"

"आपण कार्यशाळेचं उद्घाटन करतोय सर," मैत्रेयी म्हणाली. "फीत दाराला बांधू, पण ती कार्यशाळेची. इमारतीची नाही."

प्राचार्य थबकले. असल्या बारीक फरकांवर त्यांची तीस वर्षांची नोकरी उभी होती, त्यामुळे एखादा चांगला फरक समोर आला की त्यांना तो नाकारता येत नसे. शिवाय कुलगुरूंचा होकार आला होता. पुढचे दोन दिवस होस्टेलकडे कोणी फिरकू नये अशी सूचना लागली. हॉलमधला कापूस आजूबाजूच्या खोल्यांत कोंबला गेला, दारं खांद्यानं रेटून लावली गेली, कुलपं पडली, हॉल धुतला गेला. पंख्यांनाही प्राचार्यांनी स्वतः उभं राहून तेल घालून घेतलं. खोल्यांच्या दारांवरचे झरोके मात्र उघडेच राहिले. झरोक्यांना कुलूप नसतं.

कार्यशाळेच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. कुलगुरूंनी दारातली फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि पहिली अडचण उभी राहिली. प्रशिक्षणात सांगितलं होतं की नवोन्मेषाला गोल टेबलं लागतात, म्हणजे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. मुलांनी मेसची गोल टेबलं मांडली. कुलसचिव टेबलाभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून आले.

"याची वरची बाजू कोणती?" त्यांनी विचारलं.

"वरची बाजू नसते सर. गोल आहे."

"ते दिसतंय. साहेब कुठे बसणार ते विचारतोय."

कोणीच बसेना. प्राचार्य मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी ढाणकीकडच्या कॉलेजाच्या प्राचार्यांनी तोडगा काढला. पंख्याच्या बरोबर खाली कुलगुरू, त्यांच्यालगत कुलसचिव, मग परीक्षा नियंत्रक, आणि जसजशी पायरी खाली तसतसा वारा कमी. दिवसातला तो पहिला नवोन्मेष. बाहेरच्या कडेला, जिथे वारा पोचतच नव्हता, तिथे मुलं उभी राहिली.

मैत्रेयीनं विषय मांडला. "समजा, तुम्ही खेड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी आहात."

परीक्षा नियंत्रकांनी हात वर केला. "नियमित की बहिःशाल?"

"नियमित सर. तुमच्या कॉलेजात एक वास्तू आहे. बांधून तयार आहे, तुम्हाला तिची गरज आहे, पण दार बंद आहे. ते कसं उघडाल? एका चिठ्ठीवर एक कल्पना लिहायची, थोडक्यात."

सगळे खाली माना घालून लिहायला लागले. प्रत्येकाच्या कॉलेजात अशी एकेक वास्तू होती, त्यामुळे कोणालाही संशय आला नाही. कुलसचिवांच्या पहिल्या चिठ्ठीवर 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढंच मावलं. दुसरीवर त्यांनी 'क्रमशः' लिहिलं. एकानं दार उघडण्यासाठी समिती सुचवली, दुसऱ्यानं त्या समितीसाठी ॲप. परीक्षा नियंत्रकांनी लिहिलं, 'दार बंद असल्याबाबत विद्यार्थिनीने विहित नमुन्यात अर्ज करावा'. पंजाबरावांनी चिठ्ठी कोरी ठेवली आणि ती कोरीच घडी करून खिशात घातली.

पंखे जोरात फिरत होते. झरोक्यांतून काही दिसत नव्हतं, पण उन्हाच्या तिरिपीत काहीतरी तरंगताना संगीताला दिसलं. ती कुलगुरूंच्या मनगटाकडे पाहत राहिली.

आधी कळलं ते ढाणकीच्या प्राचार्यांना. त्यांचा हात मानेकडे निघाला, आणि मानेपासून वीतभर अंतरावर थांबला. कारण कुलगुरू खाजवत नव्हते. कुलगुरूंनी खाजवलं नसताना आपण खाजवणं म्हणजे त्यांच्याआधी चहाचा कप उचलण्यासारखं. हात तसाच वर गेला आणि त्यांनी केस सारखे केले. मग शेजारच्यांनी केस सारखे केले. मग ज्यांना केस नव्हते त्यांनीही केले. परीक्षा नियंत्रक खुर्चीच्या पाठीला पाठ लावून हळूहळू डावी-उजवीकडे हलू लागले, जणू चर्चेच्या दोन्ही बाजू त्यांना पटत होत्या. कुलसचिवांनी पेन उलटं करून बाहीत घातलं आणि ते तिथेच ठेवलं.

मैत्रेयी संगीताच्या कानाशी लागली. "काय माणसं हायेत वं ही! मरतीन पण खाजवणार नाई."

"साहेबाचं कातडं जाड दिसते."

"प्लॅस्टिकचं असन."

कुलगुरू चिठ्ठीवर 'नवोन्मेष ही एक दृष्टी आहे' हे वाक्य लिहीत होते. ते दृष्टीपर्यंत पोचले, थांबले, त्यांनी शांतपणे पेन खाली ठेवलं, बाही वर केली आणि कराकरा खाजवलं. मग मान. मग दोन्ही.

क्षणभर हॉल नुसता बघत राहिला. मग सगळ्यांनी एकदम हात सोडले. प्राचार्यांनी खाजवलं, उपप्राचार्यांनी खाजवलं, परीक्षा नियंत्रकांनी लाज सोडून पट्टीनं पाठ खाजवली. कितीतरी दिवसांत इतक्या एकमतानं विद्यापीठात काही झालं नव्हतं.

"हे आहे तरी काय?" कुलगुरू ओरडले.

"कापूस, साहेब!" ढाणकीचे प्राचार्य म्हणाले. आवाजात ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद होता. "आमच्या घरी पण आहे ना! हुबेहूब हीच खाज."

"इथे कुठे कापूस?"

शंकेनं सगळ्यांच्या माना भोवतालच्या दारांकडे वळल्या. पंजाबराव मात्र पंख्याकडे बघत राहिले.

"ती खोली उघडा," कुलगुरू म्हणाले.

किल्ल्यांचा जुडगा फकिराकडे होता. त्यानं पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांनी डोळे मिटले. मोठ्या साहेबासमोर लहान साहेबाचे मिटलेले डोळे म्हणजे होकार, असा फकिराचा अनुभव होता. त्यानं कुलूप काढलं. कडी सरकवायची गरज पडली नाही. दार आतून आपोआप उघडलं आणि कापूस बाहेर आला. आवाज न करता, सावकाश, लग्नाला उशिरा आलेल्या व्याह्यासारखा तो पुढे सरकत कुलगुरूंच्या पॉलिश केलेल्या बुटांपर्यंत आला आणि थांबला.

"हा कोणाचा आहे?"

पंजाबरावांचा चेहरा आणि कापूस यांत आता फरक उरला नव्हता.

कुलसचिव झटकन उठले. दिवसभरात प्रथमच त्यांना आपल्या ओळखीचं काम दिसलं होतं. "साहेब, आपण एक शब्दही बोलू नका. चौकशी समिती लावू. मी आजच पूर्ण इमारत सील करून घेतो. खालून वरपर्यंत."

मैत्रेयीनं संगीताचा हात आवळला. "झालं वं! पकडले गेले सर!"

संगीतानं हात सोडवून घेतला. समोरच्या खिडकीतून लॅबचा पिंपळ दिसत होता. त्याला नवी पालवी आली होती. चौकशी लागेल, समितीत तीन माणसं असतील, त्यातला एक बदलून जाईल, दुसरा निवृत्त होईल, आणि या हॉलच्या खिडकीतून असाच एक पिंपळ बाहेर येईल. प्राचार्यांचं काय व्हायचं ते होईल. ती मात्र जूनमध्ये तांड्यावर असेल, कापसाच्या कडेला.

"सर," ती म्हणाली. पंख्यांच्या घरघरीत ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "सर, हा कापूस आम्ही ठेवला."

सगळे वळले. पंजाबरावांनी डोळे उघडले.

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही विद्यार्थ्यांनी. कार्यशाळेसाठी. पहिली पायरी आहे सर, समजून घ्या." आता आवाज सापडला होता. "आमच्या जिल्ह्यात यंदा घराघरात कापूस आहे. लोक त्याच्याशेजारी जेवतात, त्याच्याशेजारी झोपतात अन् दिवसभर असंच खाजवतात. मी पण खाजवते. हे भाषणात सांगितलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणून तुम्हाला खाजवायला लावलं."

कुलगुरू तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. कोणाच्या तरी कापसानं अंग खाजवून घेतलेला माणूस म्हणून परत जायचं, किंवा शेतकऱ्याची वेदना स्वतःच्या कातड्यावर सोसणारा देशातला पहिला कुलगुरू म्हणून. त्यांना फार वेळ लागला नाही.

"वा," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "वा! याला म्हणतात अनुभूती!" आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांनी वाजवल्यावर सगळ्यांनी वाजवली, मधूनमधून हात मोकळा करून खाजवत. कुलसचिव खाली बसले.

"अजून झालं नाही सर," संगीता म्हणाली. "दोन पायऱ्या राहिल्या. नमुना आणि वापरून पाहणं. ही इमारतच नमुना आहे. कापूस या आठवड्यात निघणार, अन् जूनपासून मुली इथं राहून दाखवणार. प्राचार्य सरांनी तसा शब्द दिलाय." ती पंजाबरावांकडे वळली. "दिलाय ना सर?"

पंजाबरावांनी तिच्याकडे पाहिलं, बुटांपाशी आलेल्या आपल्या कापसाकडे पाहिलं. भाव अजून चढायचा होता. त्यांची खात्री होती.

"दिलाय," ते म्हणाले. "म्हणजे, दिलाच आहे."

"पण साहेब, हे होस्टेल आहे," कुलसचिवांनी आठवण करून दिली. "त्याचं उद्घाटन माननीय मंत्रीमहोदयांच्या हस्ते व्हायचंय. तोपर्यंत निवास म्हणून—"

"होस्टेल कुठं सर?" संगीता म्हणाली. "सकाळी फीत कापली ती नवोन्मेषाची होती. साहेबांनीच कापली."

"निवासी नवोन्मेष केंद्र!" कुलगुरूंनी जाहीर केलं, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. कुलसचिवांनी थोडा विचार केला. केंद्राला मंत्री लागतो असं कोणत्याही नियमात नव्हतं. त्यांनी बाहीतलं पेन बाहेर काढलं आणि लिहून घेतलं.

संध्याकाळी मैत्रेयी संगीताच्या दोन पावलं पुढे चालत बस स्टँडवर आली. बस लागल्यावर बोलली.

"वाचवलं वं तू त्याले! हातात आलता तो!"

"मी खोली वाचवली."

"उद्या तो माणूस मिशीले पीळ देऊन फिरन."

"फिरू दे ना. मले त्याच्या मिशीत नाई राहायचं."

मैत्रेयीला हसायचं नव्हतं, पण ती हसली. मग पुन्हा गंभीर झाली आणि म्हणाली, "तरी मले नाई पटलं." संगीता बसमध्ये चढली. पटलं तर तिलाही नव्हतं.

कापूस त्याच आठवड्यात गेला. पंजाबराव ट्रॅक्टरच्या मागे अंत्ययात्रेसारखे चालत फाटकापर्यंत गेले आणि विकून आल्यावर दोन दिवस संगीताकडे त्यांनी पाहिलं नाही. मग भाव आणखी पडला. मग आणखी. मे संपेपर्यंत जे थांबले होते ते सगळे बुडाले, आणि वेळेवर विकणारे द्रष्टे म्हणून पंजाबरावांचं तालुक्यात नाव झालं. एका कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की नवोन्मेष हा आचरणात आणायचा विषय आहे. हंसाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शंकरसिंग थांबणाऱ्यांपैकी होता. पेरणी तोंडावर आली तेव्हा त्यानं मिळेल त्या भावानं कापूस काढला, आणि व्यापाऱ्यासमोर उभं राहून एकाएकी त्यातला थोडा मागे ठेवला.

जूनमध्ये तो संगीताला सोडायला आला. एका हातात पेटी, डोक्यावर मोठं गाठोडं. फाटकापाशी थांबून त्यानं 'निवासी नवोन्मेष केंद्र' ही पाटी संगीताकडून वाचून घेतली.

"हे काय हाये? होस्टेल कुठी हाये?"

"हेच होय ना बा."

"मंग असं काहून लिहिलं?"

"होस्टेलचं उद्घाटन व्हायचं हाये अजून."

शंकरसिंगनं मखमलीकडे पाहिलं. सरकारी कापूस केंद्राच्या रांगेत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे त्यानं पुढे काही विचारलं नाही. व्हरांड्यात प्राचार्य भेटले. त्यांनी संगीताला बजावलं की इथे राहणारी प्रत्येक मुलगी कागदोपत्री नवोन्मेषक आहे, तेव्हा दर महिन्याला एक नवोन्मेष दाखवावा लागेल, विद्यापीठाला कळवायचा असतो. वरच्या मजल्यावर मैत्रेयी कपडे वाळवायला दोरी बांधत होती. ती तिथूनच ओरडली, "हा माया जूनचा, सर!"

खोलीत खाट होती, कोपऱ्यात सरकीचे दोन-चार दाणे अजून पडून होते. शंकरसिंगनं गाठोडं सोडलं. आत गादी होती, नवी, लाल खोळीची.

"आपल्याच कापसाची हाये," तो म्हणाला. "सरकी काढून पांढरकवड्याच्या पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली. भावात नाई गेला, त म्हटलं गादीत जाऊ द्या."

संगीता गादीकडे पाहतच राहिली. हात लावेना.

"भिऊ नको वं छोरी. पिंजला का मंग खाजवत नाई तो."

तिनं हात लावला. खरंच खाजवत नव्हता. दोघांनी मिळून गादी खाटेवर टाकली, ती थोडी मोठी झाली होती, एका बाजूनं खाली लोंबत राहिली. मग शंकरसिंगनं खिडकीतून उन्हाकडे पाहिलं आणि निघायला हवं म्हणाला. संध्याकाळची बस चुकली असती.

"फाट्यावर थांबू नको आता," संगीता म्हणाली. "उतरला का सरळ घरी जाय."

"थांबून काय करू? कोणासाठी?" तो म्हणाला, आणि जिना उतरू लागला. अर्ध्या जिन्यात थांबून त्यानं वर पाहिलं. "सवय लागली ना पण. दोन-चार दिवस राहीन उभा. मंग जाईन सुटून."